‘दुर्मीळ’ हे उत्तर आम्हाला मान्य नाही : प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या रुग्णांच्या जंतुसंसर्गाविषयी खुले पत्र

प्रति,
प्रत्यारोपण, कर्करोग आणि दीर्घकालीन गंभीर आजारांवर उपचार करणाऱ्या रुग्णालयांच्या व्यवस्थापन समित्या व तेथील सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळांचे प्रमुख यांस,

सविनय नमस्कार.

माझे एक मूत्रपिंड मी माझ्या धाकट्या भावाला दिले आहे. ते आजही त्याच्या पोटात उजव्या बाजूला खाली आहे, मात्र आता ते काम करत नाही आणि आठवड्यातून तीन वेळा त्याला डायलिसिस घ्यावे लागते. ज्या घटनाक्रमात ते निकामी झाले त्याची सुरुवात एका जिवाणूपासून झाली. तो वेळेत ओळखला गेला असता तर पुढचे बरेच काही टळू शकले असते, असे नंतर त्याच्यावर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांनीच आम्हाला सांगितले. ओळखायला उशीर का झाला, अशी विचारणा मी रुग्णालयाकडे लेखी केली. बऱ्याच पाठपुराव्यानंतर जे उत्तर आले त्याचा सारांश एवढाच होता की हा जंतू दुर्मीळ आहे, त्यामुळे तपासणीच्या प्रचलित कार्यपद्धतीत बदल करण्याचे प्रयोजन दिसत नाही. हे उत्तर वाचून गप्प बसणे मला शक्य झाले नाही, म्हणून हे पत्र. त्या रुग्णालयाचे नाव मी येथे घेत नाही, कारण ज्या कार्यपद्धतीबद्दल मी बोलणार आहे ती त्या एकाच इमारतीपुरती नाही.

यशस्वी झालेले पहिले मूत्रपिंड प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांच्या चमूने केले. तेथेही देणारा आणि घेणारा भाऊच होते, पण ते एकसारखे जुळे असल्यामुळे घेणाऱ्याच्या शरीराला तो अवयव परका वाटला नाही. आम्ही दोघे भाऊ असलो तरी जुळे नाही. त्यामुळे माझे मूत्रपिंड भावाच्या शरीरात टिकावे यासाठी त्याची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवणे भाग होते, आणि ते काम तुमच्याच देखरेखीखाली, तुम्हीच दिलेल्या टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट व प्रेडनिसोलोन या औषधांनी होत होते. माझ्या म्हणण्याचा पाया हाच आहे. या रुग्णांच्या शरीराचा पहारा वैद्यकशास्त्राने जाणीवपूर्वक, त्यांच्या भल्यासाठी कमी केलेला असतो. ज्यांनी पहारा कमी केला त्यांनीच आत कोण शिरले हे अधिक बारकाईने पाहायला हवे. प्रत्यक्षात मात्र निरोगी माणसाच्या थुंकीला जो नियम, तोच माझ्या भावाच्या थुंकीला लावला गेला.

प्रत्यारोपणानंतर नवव्या महिन्यात त्याला खोकला आणि बारीक ताप सुरू झाला. वजन उतरू लागले. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसात गाठी आणि एक पोकळी दिसली. थुंकीचा नमुना कल्चरसाठी, म्हणजे पोषक माध्यमावर जिवाणू वाढवून पाहण्यासाठी, गेला आणि तिसऱ्या दिवशी ‘नॉर्मल फ्लोरा (नेहमीचे निरुपद्रवी जिवाणू), रोगकारक जिवाणू आढळले नाहीत’ असा रिपोर्ट आला. क्षयरोगाची तपासणीही निगेटिव्ह आली. तरीही चित्र क्षयरोगासारखेच असल्यामुळे अंदाजाने क्षयरोगाचे उपचार सुरू झाले. त्यामागचा विचार मला कळतो, आणि त्या वेळी निर्णय घेणाऱ्या डॉक्टरांच्या हेतूबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या उपचारातील रिफाम्पिसिन हे औषध यकृतातील विकरांना (एन्झाइमना) चेतवते आणि टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी झपाट्याने खाली आणते. मात्रा वाढवत नेली तरी पातळी सावरली नाही, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन चढू लागले आणि बायोप्सीत रिजेक्शन, म्हणजे शरीराने तो अवयव नाकारणे, दिसले. त्यावर सलग तीन दिवस शिरेतून मोठ्या मात्रेत स्टिरॉइड दिले गेले. म्हणजे ज्या जंतूचे नावही कोणाला ठाऊक नव्हते, त्याला उरलीसुरली वाटही मोकळी झाली.

सातव्या आठवड्यात जेवता जेवता त्याचा उजवा हात थांबला आणि त्याला झटका आला. मेंदूच्या एमआरआयमध्ये एकाहून अधिक गळवे दिसली. त्यांतल्या एकातून काढलेला पू तपासताना प्रयोगशाळेतील एका तंत्रज्ञाला ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे जिवाणू रंगवून पाहण्याच्या तपासणीत, बारीक, फांद्या फुटलेले, मण्यांच्या माळेसारखे तुटक तंतू दिसले. त्यांनी त्या पुवाच्या कल्चरच्या प्लेटच्या कडेला चिकटपट्टी लावून वर ‘टाकू नये’ असे लिहिले. सहाव्या दिवशी त्या प्लेटवर खडूच्या भुकटीसारख्या कोरड्या पांढऱ्या वसाहती उगवल्या. जंतूचे नाव नोकार्डिया. त्या तंत्रज्ञाचे आमच्या घरावर न फिटणारे उपकार आहेत. त्यानंतर कोट्रायमॉक्साझोल, इमिपेनेम आणि अमिकासिन यांनी सुरू झालेला उपचार वर्षाहून अधिक चालला आणि भाऊ वाचला. त्याच्या उजव्या हाताची पकड मात्र पूर्ण परतली नाही, आणि मूत्रपिंड गेले.

पहिल्या थुंकीच्या प्लेटचे काय झाले, असे मी विचारले तेव्हा ‘४८ तासांनंतर नियमानुसार नष्ट केली’ असे सांगण्यात आले. नोकार्डिया उगवायला साधारण २ ते १४ दिवस लागतात आणि काही वेळा ३ आठवडेही जातात. तो त्या प्लेटवर उगवलाच असता असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, पण त्याला उगवण्याइतका वेळ आपण दिलाच नाही, एवढे मात्र नक्की म्हणू शकतो.

आता ‘दुर्मीळ’ या शब्दाविषयी. मी डॉक्टर नाही. या काळात जे वाचले आणि जाणकारांना विचारून समजून घेतले त्यावरून लिहितो आहे. १९७६ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियातील एका हॉटेलमध्ये माजी सैनिकांच्या अधिवेशनाला आलेल्यांमध्ये न्यूमोनियाची साथ आली आणि अनेक जण दगावले. नेहमीच्या कल्चरमध्ये काहीच उगवत नव्हते. जोसेफ मॅकडेड आणि चार्ल्स शेपर्ड यांनी जानेवारी १९७७ मध्ये तो जिवाणू शोधला, आणि पुढे त्याला लिजिओनेला हे नाव मिळाले. त्यानंतर जुन्या साथींमधील जपून ठेवलेले रक्ताचे नमुने पुन्हा तपासले गेले, तेव्हा १९६५ मध्ये वॉशिंग्टनमधील एका मनोरुग्णालयात आणि १९६८ मध्ये मिशिगनमधील पाँटियाक येथे आलेल्या, कारण न कळलेल्या साथींमागेही हाच जिवाणू असल्याचे दिसले. तो आधीपासून होता. त्याला मानवेल असे पोषक माध्यम, म्हणजे कोळशाची पूड आणि यीस्टचा अर्क घातलेले खास अगार, प्रयोगशाळेत नव्हते, म्हणून तो ‘नव्हता’. आजही हे माध्यम वापरल्याशिवाय तो कल्चरमध्ये मिळत नाही. लघवीतील अँटिजेनची सोयीची चाचणी प्रामुख्याने लिजिओनेला न्यूमोफिला या प्रजातीचा सेरोगट १ हा एकच उपप्रकार ओळखते. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांना मात्र इतर गटांचा आणि इतर प्रजातींचाही संसर्ग होतो, आणि त्या प्रजाती या चाचणीतून निसटतात. मग चाचणी निगेटिव्ह आली की आजार नाही असे गृहीत धरले जाते आणि आकडा आणखी खाली जातो.

र्‍होडोकोकस इक्वाय या जिवाणूची गोष्टही अशीच आहे. १९२३ मध्ये स्वीडनमध्ये तो शिंगरांच्या न्यूमोनियात सापडला होता. माणसातील पहिल्या रुग्णाची नोंद मात्र १९६७ मध्ये झाली, आणि तो रुग्ण स्टिरॉइड घेत होता. सूक्ष्मदर्शकाखाली हा जिवाणू त्वचेवरच्या निरुपद्रवी डिफ्थेरॉइड जिवाणूंसारखा दिसतो, त्यामुळे ‘कंटॅमिनंट’, म्हणजे नमुन्यात बाहेरून मिसळलेला जिवाणू, म्हणून त्याची बोळवण होण्याचा धोका मोठा असतो. अन्नातून येणारा लिस्टेरिया हा जिवाणूही त्याच गर्दीत हरवतो, आणि तेथे चूक फार महागात पडते. मेंदुज्वराच्या रुग्णाला अंदाजाने दिली जाणारी सेफ्ट्रायॅक्सोनसारखी सेफॅलोस्पोरिन गटातील औषधे लिस्टेरियावर मुळातच चालत नाहीत, त्याला अँपिसिलिन लागते. बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलाय हा मेलिऑइडोसिस या गंभीर संसर्गाचा जिवाणू स्यूडोमोनास या दुसऱ्या जिवाणूसारखा वाटून चुकीच्या नावाने नोंदवला जातो. त्याला शिरेतून किमान १० ते १४ दिवस आणि पुढे किमान ३ महिने गोळ्या असा लांब उपचार लागतो, आणि तो अर्धवट सुटला तर आजार उलटतो. या प्रत्येक जंतूचे रुग्ण मोजके असतील. पण तुमच्या एका वॉर्डात प्रत्यारोपण झालेले, केमोथेरपी घेणारे, संधिवातासाठी टीएनएफ-रोधक (प्रतिकारशक्तीचा एक भाग दाबणारी) इंजेक्शने घेणारे, एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्तीच्या सीडी४ पेशी घटलेले आणि प्लीहा काढलेले असे सगळे रुग्ण एकत्र असतात, आणि त्यांच्यापैकी कोणाला ना कोणाला यांतला कोणता ना कोणता जंतू गाठणारच. लोकसंख्येत दुर्मीळ असलेली गोष्ट त्या वॉर्डात दुर्मीळ राहत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०११ मध्ये टीएनएफ-रोधक औषधांच्या वेष्टनावरील ठळक इशाऱ्यात लिजिओनेला आणि लिस्टेरिया यांची नावे घालायला लावली, ती यासाठीच. औषधाच्या खोक्यावर जे नाव छापलेले आहे, ते प्रयोगशाळेच्या कार्यपद्धतीत नसावे याचे समर्थन कसे करता येईल?

माझी पहिली तक्रार तपासणीच्या मागणीपत्राबद्दल आहे. भावाच्या नमुन्यासोबत गेलेल्या कागदावर नाव, वय, वॉर्ड आणि ‘ताप, खोकला’ एवढेच होते. त्याचे प्रत्यारोपण झाले आहे, हे प्लेट पाहणाऱ्या व्यक्तीला कळण्याची सोयच नव्हती. ती माहिती वरच्या मजल्यावरच्या जाड फायलीत होती आणि नमुना खालच्या मजल्यावर. प्लेट ४८ तासांत टाकणाऱ्याने नियम पाळला, मागणीपत्र भरणाऱ्यानेही रकाने भरले, आणि तरीही माझ्या भावाबद्दलची सर्वांत महत्त्वाची गोष्ट जिथे हवी तिथे पोहोचली नाही. दोष व्यक्तीचा असता तर मी व्यक्तीला पत्र लिहिले असते.

दुसरी तक्रार, ज्या तपासण्या झाल्या त्यांच्या मर्यादा कोणी सांगितल्या नाहीत याबद्दल. क्षयरोगासाठीच्या नेहमीच्या स्टेनमध्ये रंग धुण्यासाठी तीव्र आम्ल वापरतात आणि त्यात नोकार्डियाचा रंगही अनेकदा धुतला जातो. तो दिसावा म्हणून १ टक्का सल्फ्युरिक आम्लाचा सौम्य प्रकार वापरावा लागतो. क्षयरोगाच्या कल्चरआधी नमुना अल्कलीने शुद्ध करतात, त्यातही तो बऱ्याचदा मरतो. म्हणजे ‘क्षयरोगाची तपासणी केली होती’ या वाक्याने नोकार्डियाच्या बाबतीत काहीच सिद्ध होत नाही, उलट सगळे तपासून झाले असा समज तेवढा पसरतो. ‘आढळले नाही’ आणि ‘शोधले नाही’ या दोन गोष्टींतला फरक रिपोर्टवर दिसला पाहिजे.

फुप्फुसातून खोलवरचा नमुना घेण्यासाठी ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी) सुचवली गेली नाही, आणि मेंदूचा एमआरआय झटका येईपर्यंत झाला नाही. नोकार्डिया फुप्फुसातून मेंदूत जातो, आणि सुरुवातीला त्याची लक्षणे नसूही शकतात. म्हणून अशा रुग्णात फुप्फुसाचा नोकार्डिया सापडला तर डोके दुखत नसले तरी मेंदूची प्रतिमा घ्यावी असे सांगितले जाते. पण त्यासाठी आधी जंतूचे नाव हवे. सगळे पुन्हा त्या प्लेटपाशीच येते.

रुग्णाला आणि घरच्यांना काय सांगितले गेले, याबद्दलही बोलले पाहिजे. गोळ्यांच्या वेळा आम्हाला तोंडपाठ होत्या. पण मातीत किंवा खतात हात घालताना हातमोजे आणि मास्क वापरावा, न तापवलेले दूध आणि त्याचे पदार्थ टाळावेत, फ्रिजमधील तयार मांस नीट गरम केल्याशिवाय खाऊ नये, कारण लिस्टेरिया फ्रिजच्या थंडीतही वाढतो, कुत्रा चावला किंवा मांजराने ओरखडले तर त्याच दिवशी दाखवावे, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. भावाला झाडांचा नाद होता आणि बरे वाटू लागल्यावर त्याने कुंड्यांची माती बदलायला घेतली होती. नोकार्डिया मातीत राहणारा जिवाणू आहे. त्याला संसर्ग तेथूनच झाला असे मी म्हणत नाही, ते ठरवता येणार नाही. पण हे माहीत असते तर ते काम मी केले असते. न्यूमोसिस्टिस या बुरशीमुळे होणाऱ्या न्यूमोनियापासून बचावासाठी सुरुवातीला त्याला कोट्रायमॉक्साझोलची कमी मात्रा दिली जात होती, तेव्हा ‘याने इतरही संसर्ग टळतात’ असे ओझरते ऐकले होते. त्या मात्रेने नोकार्डियापासून खात्रीचे संरक्षण मिळत नाही, हे आम्हाला फार उशिरा कळले.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असे नाही. प्रयोगशाळेत रोज येणाऱ्या नमुन्यांचा ढीग मी पाहिला आहे. प्रत्येक प्लेट तीन आठवडे ठेवायची म्हटले तर इन्क्युबेटर पुरणार नाहीत, आणि त्वचेवरच्या प्रत्येक जिवाणूमागे धावले तर खऱ्या रुग्णांचे रिपोर्ट रखडतील. रुग्णाला नको असलेली प्रतिजैविकेही दिली जातील, आणि तेही घातकच. म्हणून मी सगळ्यांसाठी वेगळा नियम मागत नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे, तेवढ्यांसाठीच मागतो आहे.

मागणीपत्रावर ‘प्रतिकारशक्ती क्षीण’ असा एक रकाना असावा. तो भरल्याशिवाय नमुना स्वीकारू नये, आणि प्रत्यारोपण व कर्करोग विभागातून येणाऱ्या नमुन्यांसाठी तो आपोआप भरलेला असावा. ही खूण असलेल्या रुग्णाच्या फुप्फुसातील, मेंदूतील किंवा गळवातील नमुन्याच्या प्लेट सुकू नयेत म्हणून बंद करून किमान १४ दिवस, आणि नोकार्डियाची शंका असल्यास ३ आठवडे ठेवाव्यात. सौम्य आम्लाचा स्टेन आणि लिजिओनेलाचे माध्यम यासाठी डॉक्टरांच्या वेगळ्या चिठ्ठीची वाट पाहू नये. ही जबाबदारी प्रयोगशाळेच्या लेखी कार्यपद्धतीत असली पाहिजे, कारण ज्या जंतूची डॉक्टरांना शंकाच आली नाही त्याची चिठ्ठी ते कशी लिहिणार?

अशा रुग्णाच्या रक्तात, पाठीच्या मणक्यातील पाण्यात किंवा शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतीत काहीही उगवले, तर ते ‘कंटॅमिनंट’ ठरवण्याआधी प्रयोगशाळेने उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करावा आणि त्या संभाषणाची नोंद ठेवावी. ज्या जंतूची ओळख पटत नाही त्यासाठी माल्डी-टॉफ (प्रथिनांवरून जंतू ओळखणारे यंत्र) किंवा १६एस आरआरएनए जनुक तपासणी (जनुकावरून ओळख) उपलब्ध असलेल्या संदर्भ प्रयोगशाळेशी आधीच करार करून ठेवावा. प्रजाती कळणे हा अभ्यासकांच्या हौसेचा भाग नाही. उदाहरणार्थ, नोकार्डिया फार्सिनिका हा सेफ्ट्रायॅक्सोनला बहुधा दाद देत नाही, आणि इतर काही प्रजातींवर मात्र ते औषध चालते. संशयित जंतूची आधी सूचना मिळाल्याने प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांचेही रक्षण होते, कारण बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलायसारखा जंतू उघड्या टेबलावर हाताळणे त्यांच्यासाठी धोक्याचे असते.

प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला केवळ अंदाजावर क्षयरोगाचा उपचार सुरू करण्यापूर्वी खोलवरचा नमुना घेता येईल का, याचा निर्णय लेखी व्हावा. उपचार सुरू करावाच लागला तर रिफाम्पिसिनऐवजी टॅक्रोलिमसची पातळी तुलनेने कमी घटवणारे रिफाब्युटिन वापरता येईल का, आणि टॅक्रोलिमसची पातळी किती दिवसांनी तपासायची, हेही त्याच कागदावर असावे. रुग्णाला घरी सोडताना वर सांगितलेली काळजी त्याला समजेल अशा भाषेत छापून द्यावी.

या रुग्णांच्या वॉर्डांतील पाण्याची लिजिओनेलासाठी नियमित तपासणी व्हावी आणि निकाल सर्वांना पाहता यावेत. हा जिवाणू साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या कोमट पाण्यात वाढतो, म्हणून गरम पाण्याची साठवण ६० अंशांवर ठेवणे आणि न वापरलेले नळ नियमित सोडून देणे एवढ्याने बराच धोका घटतो. यासाठी शोध लावायचा बाकी नाही.

शेवटी, निदान झालेल्या प्रत्येक अशा संसर्गाची नोंद ठेवावी आणि तिच्यात पहिला नमुना घेतल्याची तारीख व जंतूचे नाव कळल्याची तारीख या दोन्ही लिहाव्यात. माझ्या भावाच्या बाबतीत त्या दोन तारखांमध्ये दोन महिने आहेत. ही दुसरी तारीख कोणी लिहीत नाही, तोवर किती रुग्णांच्या बाबतीत ती कधी उजाडलीच नाही हे कोणालाच कळणार नाही.

या पत्रावर मला सहानुभूतीचे उत्तर नको आहे. तुमच्या प्रयोगशाळेत प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या थुंकीची प्लेट आज किती दिवस ठेवली जाते आणि ते कोणत्या लेखी नियमानुसार ठरते, एवढे दोन मुद्दे प्रत्येक रुग्णालयाने आपल्या दर्शनी सूचनाफलकावर लावावेत, अशी माझी विनंती आहे. भावाचे नाव पुन्हा प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत आहे. या वेळी अवयव दुसऱ्या कोणाचा तरी असेल, आणि तो घेण्यापूर्वी आम्ही तो फलक वाचायला येणार आहोत.

आपला,
मूत्रपिंड दिलेला एक भाऊ